शब्द नसलेल्या गाण्यात मी काय बोलले

जीप अंगणात तोंड रस्त्याकडं करून उभी होती. बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या. माझी सई तेव्हा चार वर्षांची, कुणाच्या तरी खांद्यावर झोपली होती, आणि सगळी वाडी मला सल्ले देत होती. शेजारची हौसाकाकू म्हणाली, “इमानात खिडकीशी बसू नको गं, वारं लागंल.” कुणी म्हणालं, वाळूचा देश हाय, पाणी जपून पी. आईनं आंबेमोहराच्या तांदळाची पिशवी तिसऱ्यांदा उघडून तिसऱ्यांदा बांधली. माझे वडील, अण्णा, सगळ्यांचं होईपर्यंत थांबले आणि मग जवळ येऊन म्हणाले, “मने, तितं तोंड उघडू नको. गप ऱ्हायलेलं माणूस शहाणं दिसतंय.”

“आन् कुणी काय इचारलंच तर हसायचं,” आई म्हणाली. “हसायला शाळा लागत न्हाई.”

शाळेचं तिला माहीतच होतं. आमची वाडी ताम्हिणीच्या अलीकडं, मुळशी धरणाच्या पाण्याच्या काठाला. हायस्कूल लांब. माझी शाळा आठवीनंतर सुटली. कुणी सोडवली नाही, मारून-मुटकून घरी बसवलं असंही नाही. पावसाळ्यात वाट पाण्याखाली जायची. एका वर्षी गेली, आणि पाणी उतरलं तरी मी काही पुन्हा त्या वाटेला लागले नाही. लग्न झालं. नवरा उरवड्याच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. मस्कतला एका गोदामात तेच काम मिळालं म्हणून तो पुढं गेला, बस्तान बसल्यावर आम्हाला बोलावलं.

मस्कतच्या विमानतळावर काचेमागच्या साहेबानं मला काहीतरी विचारलं. मी हसले. त्यानं परत विचारलं. मी जास्त हसले. शेवटी तोही हसला आणि त्यानं शिक्का मारला. आईचं म्हणणं खरं निघालं, आणि मला वाटलं, आता सगळं आयुष्य असंच काढता येईल.

तसे काही महिने काढलेही. हायपरमार्केटमध्ये बोट दाखवायचं. खुबूस, म्हणजे इथली रोटी, हवा असेल तर खुबूसकडं, मासा हवा असेल तर माशाकडं. शेजारी मल्याळी, खाली पाकिस्तानी न्हावी, समोर ओमानी आजी. सगळ्यांशी मी हसून राहायचे. माझं बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, त्यावरच्या फोटोतसुद्धा मी हसतेच आहे. पण आतून सारखी धाकधूक. आपण कुठं चुकू, कुणाला कळेल, आठवीची बाई परदेशात काय करते म्हणून.

मग मराठी मंडळाचं हळदीकुंकू आलं. म्हटलं, इथं तरी आपली भाषा आहे, इथं काय भ्यायचं? दारातच एका नीटनेटक्या साडीतल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही कुठल्या?”

मी म्हटलं, “मी मुळशीची हाय.”

त्यांनी हात हलवला. “हाय! मी कोथरूडची!”

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून मोठ्यानं म्हटलं, “न्हाई, न्हाई. मुळशीची हाय.”

“हाय, हाय!” त्यांनी दोन्ही हात हलवले.

आजूबाजूला जे हसू फुटलं ते वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र कान तापले. घरी येऊन न्हाणीघराच्या आरशासमोर मी ‘आहे, आहे, आहे’ म्हणून बघितलं. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं, तपासायचं, मग बाहेर काढायचं; तोवर बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असायचं. मग बोलायचंच सोडलं. अण्णांचाच मार्ग बरा.

त्या हात हलवणाऱ्या बाई म्हणजे सुमेधाताई. त्यांचा इथं घरगुती केटरिंगचा व्यवसाय आहे. हळदीकुंकवानंतर आठवड्याभरात त्यांनी स्वतः घरी येऊन विचारलं, पोळ्या लाटायला येशील का? मला नोकरी मिळाली ती त्या ‘हाय’मुळं, हे त्या सगळ्यांना सांगतात. त्यांचे उपकार मी कुठं आणि कसे फेडू, मला माहीत नाही. हे लिखाणसुद्धा त्या तपासणार आहेत, ऱ्हस्व-दीर्घासकट, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचून बघतेय.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम सुमेधाताईंच्या हॉलमध्ये व्हायची आणि मी आत पोळ्या लाटत ऐकायचे. गाणं बसवत होती केतकी. ती एका बँकेत काम करते, पण लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेली. दरवर्षी शब्दांवरून भांडणं व्हायची. इथं जन्मलेल्या पोरांना ‘ळ’ येत नाही, कुणाला ओळी पाठ होत नाहीत, शेजारच्या मल्याळी बायकांना यायचं असतं तर भाषा आडवी. वैतागून केतकीनं ठरवलं, यंदा गाण्यात शब्दच नकोत. सुरुवातीला भूप रागाची आलापी, मग ‘तोम तनन’ असले बिनअर्थाचे बोल असलेला तराणा, आणि तिथून एकदम वरातीच्या बँडचा ठेका, त्यावर सिनेमातल्यासारखं सगळ्यांनी ‘ला ला ला’. देवघरातून उठायचं ते थेट वरातीत.

सुमेधाताई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, “मने, हात धू आणि बाहेर ये. हे तुझंच गाणं आहे. यात ‘आहे’ पण नाही आणि ‘हाय’ पण नाही.”

मी गेले. मागच्या रांगेत उभी राहिले. काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार माणसांत तोंड उघडलं आणि आधी काही जुळवावं लागलं नाही. आपलं सगळ्यांच्यात मिसळून ‘आ’ करायचं. तराण्यात माझी जीभ अडखळायची, ‘दिर दिर’च्या जागी ‘दिड दिड’ व्हायचं, पण वीस जणांत कोण पकडतंय?

एका जागी मात्र गाडं अडलं होतं. शास्त्रीय संपून बँड सुरू होतो तो सांधा. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडताना बांधाला वाट करावी लागते, तशी तिथं काहीतरी वाट हवी होती. केतकी म्हणायची, इथं एकच आवाज हवा, एकटा, मोकळा. जी ती गाऊन बघायची. कुणाचं फार शास्त्रीय व्हायचं, कुणाचं फार सिनेमातलं.

एक दिवस तालीम मध्येच थांबली होती, चहा चालला होता. आमचे हे मला न्यायला खाली आले होते, आणि माझा फोन पिठाच्या डब्याशेजारी राहिलेला. मी गॅलरीत गेले आणि घातला कुकारा.

कुकारा म्हणजे काय, ते तिकडच्यांना सांगायला नको, इकडच्यांना सांगते. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आणि धरणाच्या पाण्यावरनं नाव तसंही पोचत नाही. शब्द मधल्या मध्ये बुडतो, आवाज तेवढा पलीकडं जातो. म्हणून लांबच्या माणसाला नुसता ‘ओ’ घालायचा, चढता, शेवटी जरा मोडलेला. ज्याचा त्याचा वेगळा. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं कुणाचा आहे. आणि ऐकला की ओ द्यायचीच, हातात काहीही असो.

खालनं “आलोऽऽ” आलं. मी वळले तर हॉलमध्ये सगळ्यांचे कप हवेत.

“हे काय होतं?” केतकीनं विचारलं.

मी घाबरले. “काही नाही. आमचे हे खाली आहेत.”

“मनीषाताई, परत करा.”

“आता कशाला? ते आले की.”

एवढं हसले सगळे. पण केतकी हसत नव्हती. तिनं पेटी ओढली, सूर शोधला आणि म्हणाली, सांध्याला हेच पाहिजे, आणि हे तुम्हीच करायचं, एकट्यानं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या पोळ्यांना विचारा; निम्म्या जाड, निम्म्या फाटक्या. मागच्या रांगेत लपलेली बाई पुढं, माइकसमोर, एकटी? माझा आवाज रानातला. ‘हाय’ला हसलेलं अख्खं मंडळ समोर बसणार. आणि सई. सई आता सहावीत, फाडफाड इंग्लिश बोलते. तिच्या वर्गातल्या मुली आयांबरोबर येणार होत्या. तालमीहून येताना ती हळूच म्हणाली, “आई, तू स्टेजवर फक्त गा हं. बोलू नको. प्लीज.”

तिचा राग नाही आला. मी तिच्याएवढी असते तर हेच म्हटलं असतं. पण त्या रात्री वाटलं, अण्णांनी मला गप राहायला सांगितलं ते मला जपायला, आणि ही सांगतेय ती स्वतःला जपायला. मी चुकले तर पोरगी माझ्याशेजारी चालायला लाजेल, एवढंच माझं भय होतं. बाकी हसलं तर हसलं कोणी. केतकीला ‘नको’ म्हणायला मी दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा वाक्य जुळलं नाही, म्हणून राहिलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. तिकडं वाडीत आई-अण्णा बघणार होते. आमच्या घरामागं आता दोन खोल्या काढल्यात, शनिवार-रविवारी हिंजवडीची आयटीतली माणसं राहायला येतात. त्यांच्या लॅपटॉपवर मंडळाचा कार्यक्रम लावलेला.

आलापी झाली. तराणा झाला, ‘दिड दिड’सकट. सगळे थांबले. मी पुढं झाले. डोळे मिटले नाहीत, मिटले असते तर पडलेच असते. समोर अंधार, अंधारात माणसं, पाण्याच्या पलीकडं असावीत तशी. मी कुकारा घातला. आवाज चढला, शेवटी मोडला, हॉलभर गेला.

आणि अगदी मागच्या रांगेतनं, खणखणीत, आमच्या ह्यांचा आवाज आला, “आलोऽऽ!”

सवय, दुसरं काय! ते अर्धे उठूनही उभे राहिले होते. अख्खा हॉल फुटला. मला वाटलं, झालं, बुडाले. पण ढोलकीवाल्यानं त्याच हसण्यावर ठेका उचलला आणि वरात सुरू झाली. माणसं टाळ्या वाजवतायत, हसतायत, ‘ला ला ला’ म्हणतायत. कोण स्टेजवरचं, कोण खालचं, काही कळेना.

संपल्यावर निवेदकानं माइक थेट माझ्यापुढं धरला. “ताई, दोन शब्द.”

शब्द नाहीत म्हणून ज्या गाण्यात आले, त्याच्या शेवटी दोन शब्द! मी सईकडं पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मनात ‘आहे’ शोधत बसायला वेळच नव्हता. जे तोंडात होतं ते बाहेर पडलं, “काय न्हाई वो, ह्यांना वाटलं जेवायला बोलावलं. तरी म्या सांगितलं व्हतं, आज ओ देऊ नका म्हनून!”

या वेळचं हसू मी अंगावर घेतलं. हे हसू मी स्वतः मागितलेलं होतं, म्हणून वेगळं लागलं. सई बोटांच्या फटीतनं बघत होती आणि तिचे खांदे गदगदत होते. बाहेर आल्यावर तिनं तिच्या मैत्रिणींना माझ्यापाशी आणलं. म्हणाली, “आई, तो आवाज परत काढ ना.” पार्किंगमध्ये मला तीनदा काढावा लागला. ह्यांना तोंडावर हात ठेवायला लावलं.

आईला फोन केला तर ती म्हणाली, “कार्यक्रम खूपच छान झाला आहे.” मला वाटलं राँग नंबर लागला. मग उमगलं, शेजारी पाहुणे बसलेत. मी इकडं ‘आहे’ घोकत होते, तशी ती तिकडं खोल्या दिल्यापासून घोकतेय! मी म्हटलं, “आये, कुनाशी बोलतीस?” तशी ती खुदकन हसली आणि म्हणाली, “लई झ्याक झालं गं! तुज्या अन्नांनी बी हितनं ओ दिली तुला. लॅपटॉपवाल्याचा चहा सांडला.” अण्णांनी फोन घेतला. मी वाट पाहत होते, आता काय सांगतात. ते एवढंच म्हणाले, “बोललीस ते बेस झालं.”

आता सुमेधाताईंकडच्या ऑर्डरी फोनवर मीच घेते. मराठी, हिंदी, आणि ‘याल्ला, खलास’, म्हणजे ‘चला, झालं’, एवढं अरबी. चुकते, परत विचारते. धाकधूक गेली असं म्हणणार नाही, पण ती आता फोन वाजेपर्यंतच टिकते.

परवा एकानं अगदी शुद्ध भाषेत विचारलं, “पुरणपोळ्या मिळू शकतील का?”

मी म्हटलं, “व्हय, मिळतील की. किती पायजेत?”

पलीकडचा आवाज एकदम बदलला. “ताई, तुमी कुटल्या?”

“ताम्हिणीच्या अलीकडच्या.”

“मी मुठ्याचा. सोहारला असतो. हितं रूमवर समदी मलबारी पोरं, चांगली हायेत. पन ताई, लई दिवसांनी कुनी ‘व्हय’ म्हनलं.”

मग काय, त्याच्या गावात कुणी कुणी बंगलेवाल्यांना जमीन दिली, आमच्याकडं भात झोडून झालं का, त्याच्या मामाची सोयरीक आमच्या शेजारच्या वाडीत कशी, सगळं निघालं. इतके दिवस घर म्हटलं की मला ते अंगण आणि ती जीप दिसायची, मागं राहिलेली. पण त्या पोरानं एवढ्याशा ‘व्हय’वर बस्तान मांडलं, आणि मला कळलं की घराकडं आपणच जायला पाहिजे असं नाही, कधी कधी घर आपल्याच तोंडातनं दुसऱ्याला मिळतं.

मागनं सुमेधाताई ओरडल्या, “मने, तव्यावरची जळली!”

त्यानं ते ऐकलं. म्हणाला, “जळाली का? मग ती मलाच ठेवा. आमच्या आईची एक तरी जळायचीच.”

शुक्रवारी तो मस्कतला येतोय. ती वेगळी बांधून ठेवली आहे.