त्याचा पहिला फोन

माझ्या मुलाला नशेची तलफ आली की तो पहिला फोन शहरातल्याच हजीऱ्यात राहणाऱ्या एका माणसाला करतो. मला नाही. थाटीपुरातलं आमचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं. मी शेजारच्याच खोलीत असतो.

सतराव्या वर्षी कोचिंगच्या मित्रांबरोबर गोळ्या, विसाव्या वर्षी स्मॅक, मग नशामुक्ती केंद्र. आता तो बावीसचा आहे, कुरिअरच्या गोदामात कामाला लागलाय. हा माणूस त्याला केंद्रातल्या बैठकीत भेटला. पस्तिशीचा, कधीकाळी स्वतः स्मॅक ओढणारा. नई सडकेवर मोबाइलची कव्हरं विकतो. इकडे हिंदी मुलखात सगळे त्याला भैया म्हणतात.

मी हिशेब विभागात आहे. पडताळल्याशिवाय सही करत नाही. मुलगा घरी आला की आधी त्याचे डोळे बघतो, मग विचारतो, "कुठे होतास?"

"काम पे."

संपलं. भैयाशी मात्र फोनवर चाळीस-चाळीस मिनिटं. आधी मला सांगावं, एवढंच मला हवं होतं.

एकदा भैया घरी आला. पोहे खाता खाता म्हणाला, "काकाजी, ये तो मुझसे भी बड़ा झूठा था."

"आपसे बड़ा कोई नहीं, भैया!" मुलगा म्हणाला, आणि दोघे खो खो हसले. त्याच खोटेपणावरून मी त्याच्याशी चार महिने बोललो नव्हतो.

भैया गेल्यावर बायको म्हणाली, "जळताय तुम्ही."

"त्या कव्हरवाल्यावर?"

"हो. पोरगं सावरतंय ना? मग कोणामुळे, याची वाटणी कशाला?"

दुसऱ्या दिवशी मीही मुलाला म्हणालो, "और भाई, क्या हाल?" त्याने मला निरखून पाहिलं. "बाबा, तब्येत ठीक आहे ना?"

गेल्या रविवारी संध्याकाळी ही भजनाला गेली होती. मुलगा माझ्या खोलीत आला. कपाळ घामाने ओलं, हात खिशात. "भैयाचा फोन लागत नाहीये. इथे बसू? फक्त काही विचारू नका."

विचारायचं पुष्कळ होतं. कोण भेटलं, कुठे, खिशात काय आहे. मी टीव्हीकडे बघत राहिलो. तो पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत होता. बऱ्याच वेळाने त्याने हात बाहेर काढले. रिकामे होते.

"बघून घेतलंत?" तो म्हणाला.

"घेतलं."

तो जरासा हसला. पाय हलायचा थांबला.

मग फोन वाजला. तो उठून गॅलरीत गेला. मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"हाँ भैया, बहुत ज़ोर की आई थी. नहीं, नहीं ली. बाबा के पास बैठा था."

पलीकडून भैया काहीतरी बोलला. मुलगा मोठ्याने हसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि ते अजून सलतं.