आधी कोंदण, मग खडा

सोन्याच्या बाबतीत माझ्या मामांइतका शहाणा आणि खड्यांच्या बाबतीत त्यांच्याइतका गोंधळलेला माणूस सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा सापडणार नाही. सापडलाच तर कृपा करून आमच्या घरी आणू नका, एक आम्हाला पुरून उरलाय. मामा विट्याचे. जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं काढायच्या कामाला आमच्याकडे गलाई म्हणतात, आणि ते काम मामांनी मदुरैत चौतीस वर्षं केलं. आता दुकान पुतण्याच्या हवाली करून ते विट्याला परत आलेत, पण नजर काही भट्टीवरून हललेली नाही. लग्नात लोक नवरी बघतात, मामा नवरीचा गळा बघतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात ऐन पंगतीत त्यांनी वरबापाच्या गळ्यातली साखळी दोन बोटांत धरली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावनं, बावीसची म्हनून घेतलीसा न्हवं? अठराची हाय!" वरबापाला जिलबीचा असा ठसका लागला की विहीणबाई पाठ चोळून दमल्या. तेव्हापासून मामा दारात दिसले की आमच्या नात्यातल्या झाडून साऱ्या बायका गळ्यावर पदर ओढून घेतात, आणि परक्यांना वाटतं, काय मर्यादशील घराणं आहे!

या नजरेचा मामांना भारी अभिमान. "सोनं आन तुजी मामी, दोनी खोटं बोलाय लागली की मला रंगावरनं कळतंय," हे वाक्य ते चारचौघांत ऐकवतात. मामी समोरच लसूण सोलत बसलेली असते. "व्हय, लय कळतंय," एवढंच म्हणते आणि पुढची पाकळी घेते.

गलाईच्या दुकानात केरसुद्धा टाकत नाहीत. त्यात सोन्याचे कण असतात म्हणून तो पोत्यात भरून ठेवतात, हात धुतलेलं पाणीही घमेल्यात साठवतात. दुकान सुटलं, पण सवय सुटेल तर शपथ. विट्याच्या घराच्या परसात आजही तीन पोती केर उभा आहे. मी एकदा पोत्यात डोकावून म्हटलं, "मामा, यात नुसती शेंगांची टरफलं आहेत." तर म्हणाले, "असू दे. टाकाय एक मिनिट लागतंय गड्या, हुडकाय जलम जातोय." तेव्हा मला हे वाक्य केराबद्दलच वाटलं होतं.

आणि खडे? गलाईवाल्याच्या लेखी खडा म्हणजे वजनातली खोट. दागिना भट्टीत घालण्याआधी खडे उचकटून काढायचे. गिऱ्हाईक सोन्याचं बघतं आणि "खडा ऱ्हाऊ दे तुमालाच" म्हणून चालू लागतं. असे राहिलेले खडे मामा एका हिंगाच्या डब्यात टाकत गेले. लहानपणी सुट्टीत मदुरैला गेलो की मी बघायचो, दुपारी काम थांबलं की मामा डबा उघडून बसायचे. एक लाल खडा उचलायचे, उजेडाला धरायचे, परत टाकायचे. मग दुसरा. खोलीभर हिंगाचा वास. काय शोधताय, विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई रं. सोनं कसोटीच्या दगडावर घासलं की खरं बोलतंय. ह्यास्नी घासावं तर वळ उठत न्हाई, तापवावं तर तडकत्यात. इस्वास ठिवायचा कशावर?"

तर अशा माणसाने माझ्या साखरपुड्याची अंगठी अंगावर घेतली. मामा-मामींना मूलबाळ नाही, भाचा मी एकटा, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. माझी होणारी बायको स्नेहल साताऱ्यात एका दवाखान्यात नर्स आहे. तिची अट एकच होती, "खडा कुठलाही चालेल, फक्त वर आलेला नको. दिवसातून वीसदा हातमोजे घालते मी, फाटतात." साखरपुडा रविवारी. मी लोणंदच्या कंपनीतून आठवडाभर रजा काढून सोमवारी विट्याला पोचलो, तर अंगठी तयार! मामांनी स्वतः शुद्ध केलेलं सोनं, सोनाराकडून करून घेतलेली नाजूक वेल, आणि मधोमध कोंदण. रिकामं. "खडा?" मी विचारलं. "खडा आता बगू की," मामा म्हणाले.

मंगळवारी सांगलीला गेलो. सराफाने अंगठी बघितली, मग आम्हा दोघांना बघितलं. "आवं काका, आधी खडा आणायचा, मग त्याच्या मापानं कोंदण करायचं. तुमी आधी टोपी शिवलीसा आन आता डोस्कं हुडकत फिरताय." मामा ढिम्म. त्याने माणिक दाखवलं, मामा म्हणाले, लय लाल. दुसरं दाखवलं, फिक्कं. तिसऱ्याला रंग बरा होता, पण "ह्यो लय शाना दिसतोय." खडा शहाणा दिसतो म्हणजे काय, हे सराफाला कळलं नाही, मला कळलं नाही आणि मला शंका आहे की मामांनाही कळलं नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर मामा त्याच तंद्रीत खुर्चीवर टेकले ते मामीच्या चष्म्यावर. चष्मा दुरुस्तीला गेला, आणि बुधवारी सकाळी आम्ही मिठाचा चहा प्यायलो.

मग कुणीतरी म्हणालं, पत्रिका दाखवा. गुरुवारी वाईला घाटावर एका गुरुजींकडे गेलो. त्यांनी मला पुष्कराज सांगितला, स्नेहलला नीलम सांगितला, आणि हे दोन खडे एका छपराखाली बिलकूल नकोत असंही सांगितलं. "मग लगीन करायचं का न्हाई?" मामांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, "लग्न उत्तम आहे, खड्यांचं तेवढं जपा." बाहेर पडतो तोवर आईचा फोन, मोती घ्या. मोत्याला शिव्या घालणारा आत्याचा फोन, पाचू घ्या. होणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं, हिरा असला तर चारचौघांत बरं दिसतं. शुक्रवारी दुपारी जेवताना मला आमटीतला वाटाणासुद्धा पाचू दिसायला लागला.

तेवढ्यात स्नेहलचा फोन आला. "परवा माझ्या बोटात काय घालणार आहेस? भोक?" मी हसलो. ती हसली नाही. "पाच दिवस झाले, साधा एक खडा ठरत नाही तुझा. तुला नक्की करायचंय ना लग्न? नसेल तर आज सांग." फोन ठेवला आणि सगळा राग मामांवर काढला. "मामा, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा! मी साताऱ्यातून बिनखड्याची अंगठी घेतो. या भोकापायी माझं लग्न मोडायची वेळ आलीय!"

मामांनी कोनाड्यातून हिंगाचा डबा काढून पुढ्यात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "कोंदन मापानंच केलंय रं. तुज्या मामीच्या खड्याच्या मापानं." दुकान सुरू केलं त्या दिवशी भट्टीत पहिलं सोनं घरचं घालायचं म्हणून त्यांनी मामीच्या साखरपुड्याची अंगठी वितळवली होती. खडा काढून घेतला आणि म्हणाले, सहा महिन्यांत नवी करून देतो. खडा घाईत डब्यात टाकला. त्यावर गिऱ्हाइकांचे पडत गेले. "मसुराएवढा, लाल. आता मसुराएवढं लाल चाळीस हायती ह्यात. रोज बगतोय. मला सोनं कळतंय गड्या, ह्यातलं काय कळत न्हाई. म्हटलं, निदान तुज्या बायकूच्या बोटात तरी तिचा खडा दिसंल. ती कदी बोलली न्हाई, पर इसरली आसंल व्हय?"

मामी दारात कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नाही. तिने पदराला हात पुसले, डबा उचलला, ताटात पालथा केला आणि तांदूळ निवडायला बसावं तशी मांडी घालून बसली. दोन-चार खडे बोटांनी सारले आणि एक उचलला. "ह्यो बगा. ह्योच माजा." मामांनी हात पुढे केला. "व्हय," ते म्हणाले, "ह्योच." मग डोळ्यांना उपरणं लावलं. "आन तुजी अंगठी?" त्यांनी विचारलं. मामी म्हणाली, "माजी बोटं आता सुजत्यात. पोरीच्या बोटात बगीन की. येतीया न्हवं आपल्यात?"

शनिवारी सोनाराने खडा बसवला. जरासा सैल होता, कड दाबून घ्यावी लागली. बसला मात्र अगदी सपाट, हातमोजा फाटणार नाही असा. रविवारी साताऱ्यात मी स्नेहलच्या बोटात अंगठी घातली, तिने हात नाकाशी नेला आणि कानात विचारलं, "हिंग?" मी म्हटलं, सांगतो. सांगितलं तेव्हा ती रडली आणि फोनवर बोलली त्याबद्दल माफी मागितली, जिची काही गरज नव्हती.

त्याच दिवशी पानं वाढताना मी मामीला एकटीला गाठून विचारलं. चष्मा दुरुस्तीला होता, साखर-मीठ कळत नव्हतं, मग खडा कसा ओळखलास? मामी म्हणाली, "गप बस. चौतीस वरसं त्यो मानूस डबा उघडून बसतोय. कुनीतरी ह्यो म्हनाय नको व्हय?"

आता मामा डबा उघडत नाहीत. आमच्याकडे आले की आधी स्नेहलचा हात हातात घेतात, अंगठी बघतात, मग चहा मागतात. मी आजवर त्यांना काही सांगितलेलं नाही. पण कधी कधी ती दुपार आठवते आणि माझा पुन्हा सगळा गोंधळ उडतो. मामीने खडा पुढे केला तेव्हा मामांनी तो उजेडाला धरलाच नव्हता. ते मामीच्या तोंडाकडे बघत होते, चांगले निरखून, आणि मग म्हणाले होते, "व्हय, ह्योच."