तटावरचा उजेड

त्या दिवशी सकाळी मी दुकानात शिडीवर चढून पंख्याचा खोका काढत होतो. खाली नजर गेली तर पायरीवर अस्लम उभा. अस्लम म्हणजे माझ्या भाच्याचा, शुभमचा जिवलग मित्र. कुदळवाडीत त्याचं गॅरेज आहे. एरवी हा पोरगा थेट आत शिरून माझ्या खुर्चीत बसणारा आणि चहा मागवणारा, पण त्या दिवशी पायरीवरच थांबला. "मामा, खाली उतरा आधी," म्हणाला. मी म्हटलं, बोल की, कान वरच आहेत माझे. त्याच्या हाताला ग्रीस होतं आणि तो ते शर्टाला पुसत होता, चांगल्या शर्टाला... मग मी उतरलो. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या उपाहारगृहात पोहे चालले होते, आकुर्डीचा रस्ता नेहमीसारखा भोंगे वाजवत होता. शुभम कामावर जायला निघाला होता, चाकणच्या रस्त्यावर मोशीच्या पुढे एका ट्रेलरनं त्याची मोटरसायकल चिरडली होती. डोक्यावर हेल्मेट होतं. मला आधी काय वाटलं म्हणाल, तर राग आला. कारण आम्ही सगळे त्याच्या रात्रींना घाबरायचो. साप चावेल, कुणी अडवून लुटेल, पडक्या तटावरून पाय घसरेल, असं म्हणून मी आणि त्याच्या आईनं त्याचं डोकं खाल्लं होतं. रात्रींनी त्याला काही केलं नाही हो. तो भर दिवसा गेला.

शुभम माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक. दाजी लवकर गेले, त्यामुळे चिखलीच्या घरात ही दोघंच. जमीन बरीचशी विकली गेलेली, अंगणाला लागून आता दुसऱ्याच्या शेडची पत्र्याची भिंत. पोरगा डिप्लोमा करून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागला. दिवसभर गेज लावून माल तपासायचा, पास की रिजेक्ट सांगायचं. अशा माणसानं संध्याकाळी घरी येऊन पाय ताणून पडावं की नाही? यानं जुना कॅमेरा घेतला आणि एक दिवस माझ्या दुकानात आला. "मामा, पिवळा उजेड देणारी बॅटरी आहे का?" मी त्याच्यासमोर बॅटऱ्यांची रांग लावली. प्रत्येक पेटवून तो भिंतीवर मारायचा आणि नाक मुरडायचा. सगळ्या पांढऱ्या. मी म्हटलं, अरे लोक पांढऱ्या उजेडासाठी माझ्याशी भांडतात आणि तुला कावीळ झालेली बॅटरी पाहिजे? तर म्हणे, "पांढऱ्या उजेडात दगड मेल्यासारखा दिसतो, मामा." शेवटी माळ्यावरून एक जुनी, बल्बवाली शोधून दिली. ती घेऊन गेला तो असा खूश होऊन, की जणू मी त्याला गाडी घेऊन दिली.

हे दगडाचं काय प्रकरण आहे ते बघायला मी एकदा त्याच्यामागे चाकणच्या भुईकोटात गेलो, आणि मग जातच राहिलो. त्याची पद्धत अशी : कॅमेरा स्टँडवर बसवायचा, त्याचा भिंगामागचा पडदा उघडा ठेवायचा आणि आपण अंधारात तटाकडे जायचं. अंगात काळे कपडे. मग भिंतीला चुना मारावा तसा बॅटरीचा उजेड दगडांवर मारत मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. पडदा चांगली काही मिनिटं उघडा असायचा आणि तो जितका उजेड मारेल तितका आत साठत जायचा. पडदा उघडा धरणारं, वायरला लावलेलं बटण मी दाबून ठेवायचं. त्यानं हाक मारली की सोडायचं. "हलू नका मामा, स्टँडला पाय लागेल," हे मात्र तो दर पाच मिनिटांनी सांगायचा, मी काय लहान पोर आहे? मग पहिला फोटो त्यानं मला दाखवला. तट आतून पेटल्यासारखा दिसत होता, वर आभाळात चांदण्या, आणि माणूस कुणीच नाही. मी म्हटलं, तू कुठे गेलास? तू तर तिथेच होतास. "चालत होतो ना, मामा. कॅमेऱ्याला थांबलेलंच दिसतं. जो चालत राहतो तो उमटत नाही." तो हसत होता. मी शर्टाची वरची गुंडी लावली आणि चहा प्यायला चल म्हटलं.

त्यानंतर आम्ही कुठे कुठे गेलो. चिंचवडला पवनेच्या काठचं देऊळ, भोसरीची जुनी वेस, रेल्वेच्या कडेला बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं. मी एकदा त्याला विचारलं, ही सगळी ठिकाणं दिवसा काय पळून जातात? त्याचं म्हणणं असं, की दिवसा ती सापडतच नाहीत. वेशीला फ्लेक्स बांधलेले, तटाला टपऱ्या टेकलेल्या, देवळाच्या तोंडाशी टेम्पो. "रात्री काय दिसायचं ते मी ठरवतो. ज्याच्यावर उजेड मारीन तेवढंच खरं." आमच्या या पट्ट्यात गावं कंपन्यांखाली गेली, याच्या आईचं शेत शेडखाली गेलं, त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. हेच काय ते बोलणं. देहूला इंद्रायणीच्या घाटावर एक म्हातारे बाबा घोंगडी पांघरून झोपले होते. पायऱ्यांवरून उजेड फिरताना बघून ते उठून बसले. "कोन हाय रं तिकडं?" शुभम अंधारातून म्हणाला, "मी हाय बाबा, फोटो काढतोय." "आंधाराचा?" "व्हय, आंधाराचाच." बाबांनी थोडा विचार केला, "काढ मग," म्हणाले आणि परत आडवे झाले. घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्याकडे कुणी तरुण पोरगा गेला की संध्याकाळपर्यंत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. मित्रमंडळी पदरमोड करतात, त्यात प्रेम असतं, त्यांना बोल लावायचा नाही. पण फ्लेक्सला फोटो लागतो. शुभमचा फोन रस्त्यावरच चुरा झाला होता. लग्नकार्यात हा कायम कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे सगळ्यांचे फोटो आहेत आणि याचा नाही. जे आहेत त्यांत शाळेतलं मिसरूड न फुटलेलं पोर किंवा कडेला गॉगल लावून उभा असलेला कुणीतरी. शेवटी अस्लमनं कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. ओळखपत्रावर कोण बरं दिसतं? डोळे अर्धवट मिटलेले, मान आखडलेली, ओठ घट्ट. दहा फूट उंचीचा तो चेहरा चौकातून घराकडे बघत होता. तोच फोटो घरात दिव्यासमोर ठेवला, त्यालाच हार घातला. अक्का त्याच्याकडे पाठ करून बसायची. "ह्यो माझा न्हाई," म्हणायची. बायकांना वाटलं दुःखानं भ्रमिष्ट झाली. दहावा झाला, तेरावा झाला, माणसं पांगली. फ्लेक्स उन्हानं विटला, मग कुणीतरी वाढदिवसाचा लावण्यासाठी तो उतरवला. आणि एक दिवस मी गेलो असताना अक्का माझा हात धरून म्हणाली, "आरं, डोळं मिटलं की आता त्या कारडावरचंच त्वांड दिसतंय. आधी माझा दिसायचा. हसताना गालाला खळी पडायची, ती कुठल्या गालाला, ते मला आठवंना झालंय... माझं पोरगं दोनदा जायाला लागलंय. मला त्याचं त्वांड शोधून दे."

मी त्याचा कॉम्प्युटर दुकानात आणला. शटर अर्धं ओढून, गिऱ्हाइकं संपल्यावर, रोज बसायला लागलो. हजारो फोटो. तट, वेस, घाट, धुराडं. माणूस कुणी नाही. त्या फोटोंनी माझी झोप उडवली, खरंच सांगतो. कारण मला तिथलं माहीत होतं. तटाच्या डाव्या कोपऱ्यातला दगड उजळलाय, म्हणजे त्या क्षणी शुभम तिथे, त्याच्या दोन हात पुढे उभा आहे. देवळाच्या शिखराचा कळस चमकलाय, म्हणजे तो चवड्यांवर उंच होऊन हात ताणतोय. प्रत्येक फोटोत तो आहे, मी बोट ठेवून दाखवू शकतो कुठे आहे, आणि तो नाही. रात्री दुकानातला शेवटचा दिवा मालवला की मला वाटायचं कोपऱ्यात कुणीतरी चालतंय. मी परत दिवा लावायचो. वायरींची भेंडोळी, पंख्यांचे खोके, बाकी काही नाही. बायको म्हणाली, देऊन टाका तो कॉम्प्युटर अस्लमला, तुम्ही आजारी पडाल. मी तिच्यावर उगाच ओरडलो.

मग अस्लमच एकदा येऊन शेजारी बसला. सगळं पाहून झाल्यावर म्हणाला, "मामा, रिजेक्ट माल कुठाय?" मी म्हटलं, म्हणजे? तर कंपनीत म्हणे नापास झालेला तुकडा कुणी फेकून देत नाही. तो लाल रंगाच्या पेटीत जातो आणि तो का बिघडला हे कळेपर्यंत तिथेच राहतो. शुभमला ही सवय हाडीमाशी खिळलेली. चुकलेला फोटोही तो कधी पुसायचा नाही. अस्लमनं शोधाशोध करून एक फोल्डर उघडलं, नाव साधंच, 'लाल पेटी'. आत सगळी बिघडलेली कामं. मध्येच गाडीचा उजेड आलेला, कुत्रं आडवं गेलेलं, एकात तर सगळंच हललेलं, तो बहुतेक माझा पाय असावा. आणि त्यांच्यात चाकणचा तट. अर्धाच उजळलेला. आणि तटासमोर शुभम.

तो थांबला होता. कॅमेरा चालू असताना मध्येच थांबला होता, म्हणून उमटला. सगळा नाही. अंगातून मागचे दगड दिसत होते, पायांच्या जागी नुसता अंधार. पण चेहरा स्वच्छ होता. फोन स्पीकरवर टाकून खारी खावी तसा तोंडासमोर धरायची त्याची तऱ्हा होती, त्या फोनच्या पडद्याचा उजेड हनुवटीपासून कपाळापर्यंत पडला होता. भुवया वैतागलेल्या आणि तोंड हसू दाबणारं. उजव्या गालाला खळी. अस्लम उठून बाहेर गेला. मला ती रात्र आठवली, तो तिथून ओरडला होता, "मामा, सोडा बटण, गेला फोटो!"

तो फोटो मोठा करून मी चिखलीला नेला. मनात धाकधूक, कारण आरपार दिसणारं आपलं लेकरू कुठल्या आईला दाखवावं? अक्कानं तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला. गालावरून अंगठा फिरवला. तिला ते दगड दिसले का, मला माहीत नाही, ती त्यांच्याबद्दल बोलली नाही. मग म्हणाली, "कुनाशी बोलतोय रं ह्यो?"

"तुझ्याशी, अक्का," मी म्हटलं. "तू रोज रात्री फोन करायचीस ना, जेवलास का म्हणून. तेव्हाचा आहे."

ती तिथेच खाली बसली. मग रडली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं. तो फोटो आता स्वयंपाकघरात आहे, चुलीसमोरच्या भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. ओळखपत्राचा फोटो तिनं ट्रंकेत टाकला. गेल्या अमावास्येला मी जाताना झेंडूचा हार घेऊन गेलो आणि खिळ्याला अडकवायला हात वर केला, तर तिनं माझा हात धरला. "नगं," म्हणाली. "बोलतोय त्यो."