कावीळबाईची परतफेड

“मी गप्प आहे म्हणजे विसरले, असं समजू नकोस. म्हैस रवंथ सावकाश करते, पण गिळलेलं सोडत नाही.”

फोटो स्टुडिओतली थोरली सून काउंटरमागं बसून बहिणीला फोनवर धाकट्या दिराबद्दल हे ऐकवत होती. कान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन, हातात कात्री, पुढ्यात पासपोर्टचे फोटो. कात्री जरा जास्तच जोरात चालत होती.

लग्न होऊन आली तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड कुठलं नि पाठ कुठली, हेही तिला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी हाताला धरून शिकवलं. चेहऱ्याचा रंग कसा ओळखायचा, सावलीतला हिरवट डाग कसा मारायचा. आणि आभाळ कोसळलं तरी सगळा गठ्ठा छापण्याआधी नमुन्याची एक पट्टी छापून दारातल्या उजेडात धरायची. कॉम्प्युटरचा पडदा खोटं बोलतो, कागद बोलत नाही, हे म्हाताऱ्याचं पालुपद. आतल्या खोलीतली रंग सुधारायच्या कामाची खुर्ची मग तिचीच झाली.

पुढं डोळे चुरचुरायला लागले. म्हणून तिनं कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकला. दिवस कलला की तो पडद्याचा निळा उजेड कमी करत नेतो, पडदा पिवळसर होतो, डोळे निवतात. रंगाचं काम करताना तो बंद ठेवायचा, एवढंच पथ्य. एका संध्याकाळी घाईत ते पथ्य मोडलं, पट्टीही राहिली. पिवळ्या पडद्यावर पिवळे दिसणारे चेहरे तिनं निळा वाढवून सुधारले आणि एका नवरीचा अख्खा अल्बम निळा पडला. चूक तिची होती. तिनं कबूल केली, पुन्हा छापून दिलं.

पण धाकट्या दिराला आयतं कोलीत मिळालं. त्यानं प्रोग्राम काढून टाकला, खुर्ची बळकावली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला, की आमच्या वहिनींना कावीळ झालीय. नाव चिकटलं. कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा कप ठेवताना ‘कावीळबाई’ म्हणून हसायला लागला. नवरा कॅमेरा घेऊन बाहेरच्या कामांवर. घरच्या भांडणात तो तोंडात चूळ धरल्यासारखा बसायचा.

एका दुपारी दीर जेवायला गेला आणि ही आत शिरली. प्रोग्राम पुन्हा टाकला. सूर्य कधी मावळतो, असं प्रोग्रामनं विचारलं. हिनं जेवणानंतर लगेचची वेळ ठोकून दिली. रंग फार पिवळा ठेवला नाही, आणि बदलाचा वेग होता त्यात सगळ्यात मंद घेतला. पडदा झटकन पिवळा झाला तर माणूस पडद्यावर संशय घेतो. मुंगीच्या पावलानं झाला तर फोटोवर घेतो. पडद्याच्या कोपऱ्यातली प्रोग्रामची खूणही लपवली आणि काउंटरवर येऊन पुन्हा कात्री धरली.

दीर एका शाळेचे वर्गावर्गाचे फोटो घेऊन बसला. फोटो पिवळे आलेत म्हणून थोरल्या भावावर चरफडत होता आणि हातानं निळा ओतत होता. सासरे बाकावर पेपर वाचत होते. तेवढ्यात तिनं काउंटरवरूनच हाक मारली.

“भाऊजी, पट्टी काढलीत का?”

“पट्टी तुम्हाला लागते, वहिनी. माझे डोळे शाबूत आहेत.”

तिनं विचारलं ते दयेपोटी नव्हे. सासऱ्यांच्या कानावर पडावं म्हणून.

सकाळी हेडमास्तर गठ्ठा घेऊन दारात उभे. एकेक पोरगं निळीत बुचकळून वाळत घातल्यासारखं. मास्तरांनी शांतपणे विचारलं, “ही माझीच पोरं ना? की विहिरीतून काढलीत?”

दिरानं आधी शाईला शिव्या घातल्या, मग कागदाला. सासऱ्यांनी एक फोटो उजेडात धरला, आत जाऊन कॉम्प्युटर चाचपला आणि बाहेर येऊन सुनेकडं बघत राहिले.

“तो प्रोग्राम मीच लावला, मामंजी,” ती म्हणाली. “मी पट्टी विसरले तर माझी खुर्ची गेली. यांना तर मी आठवण केली होती.”

दीर धंदा बुडवल्याची भाषा करायला लागला, तसं म्हाताऱ्यानं त्याला हातानंच गप्प केलं आणि सुनेला आत बसून सगळं पुन्हा छापायला सांगितलं. ती हलली नाही. हे फोटो कुणाच्या डोळ्यांनी छापले ते भाऊजींनी आधी मास्तरांना सांगावं, म्हणाली. दिरानं फरशीकडं बघत सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणून तिनं पुन्हा सांगायला लावलं. ते ती तोंडात गूळ विरघळू द्यावा तसं ऐकत राहिली.

“खुर्ची तुझी,” सासरे म्हणाले. “पण यापुढं तुझी पट्टीही मी बघणार. तुझा भरवसा राहिला नाही मला.”

ते मात्र लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं काम कधी तपासलं नव्हतं. पण पटलेल्या सौद्यात नंतर घासाघीस करायची नसते. पदर खोचून ती आत गेली, प्रोग्राम काढला, पहिला वर्ग उघडला. तिसऱ्या रांगेतल्या एका पोरानं नेमके डोळे मिटले होते. त्याच वर्गाच्या दुसऱ्या फोटोत ते टक्क उघडे होते. तिथून उचलून ती ते डोळे इथं बसवायला लागली.