दादाचा शर्ट घातलेली घोडी

एक वाक्य तोंडानं सांगायला माझ्या दादाला काय झालं होतं? हे मी वहिनीला विचारलं, बैलांना विचारलं, गोठ्याच्या खांबालाही विचारलं. आणि ज्याला विचारायचं तो दत्तादादा गेल्या हिवाळ्यात तापानं गेला.

असो. मी जो पराक्रम गाजवला तो ऐका. चहा मात्र आधी खाली ठेवा, ठसका लागेल.

आमच्या नायगावकडं पेरणीचा तास, म्हणजे पेरणीची ओळ, दोरी धरल्यासारखी सरळ पाहिजे. तास म्हणजे इज्जत! पोराचे तास बघून पोरगी देतात हो! आणि आमचा दादा? उताराचं रान, आणि त्यात याचे तास असे, जसा साप आळस देऊन राहिलाय. का, म्हणून विचारलं की हसायचा. "पाणी येऊ दे, मग बघ."

यंदा पेरणीच्या तोंडावर टपरीवर व्यंकटकाका भेटला. त्याचं रान आमच्याच रानाच्या खालच्या अंगाला.

"का रं बालाजी, यंदा तू पेरणार? तुझा दत्ता पेरायचा तर बैल पिऊन चालल्यावानी वाटायचे!"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. माणूस गेला तरी हसता? आणि माझ्या दादाला?

"काका, यंदा तास बघायला या. फूटपट्टी घेऊन या!"

फूटपट्टीशी माझा संबंध किती? गुरुजींनी तळहातावर दिली तेवढाच. सातवीत तोही तुटला.

वहिनी माहेरी निलंग्याला गेली होती, म्हणजे अडवायला कुणी नव्हतं. मी तिफण, म्हणजे पेरायचं अवजार, बैलांना जुंपली आणि उतारावर वरून थेट खाली हाणली. पण बैल दादाच्या हातचे! चार पावलं सरळ जायचे आणि हळूच आडवे वळायचे.

"आरं सरळ! सरळ चल की, मुडद्या!"

मला वाटलं, दादानं बैलांनाही बिघडवून ठेवलंय. कासरा ओढून ओढून हात सोलले, पण तास सरळ काढले. त्या दिवशी रानात आम्ही तिघं होतो, त्यातले दोघं शहाणे होते. तिसरा तुमच्यासमोर बसलाय.

थांबा, अजून संपलं नाही. गोठ्यात दादानं केलेली लाकडाची घोडी होती, ती कशाला ते मी कधी बघितलं नव्हतं. शेंड्याला जोडलेले दोन लांब पाय, मधे आडवी पट्टी, शेंड्यावरून दोरीला दगड लटकलेला. मला वाटलं, बिचाऱ्याचं बुजगावणं अर्धवट राहिलं. मी पुरं केलं! दादाचा निळा शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, वर मडकं ठेवलं आणि रानाच्या मधोमध उभं केलं. म्हटलं, बघ दादा. आता कोण हसतंय तुला?

संध्याकाळी काका आला. "वा रं पठ्ठ्या! दोरी लावली व्हती का?" मी असा चालत घरी आलो की जमीन पायाला लागत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. माझ्या एकेका सरळ तासाचा ओढा झाला! बी, खत, वरची माती, सगळं सुसाट खाली. मी मधे आडवा पडलो, खरं सांगतो, तर पाणी मलाही घेऊन निघालं.

आठवड्यानं काका दारात. "बालाजी, तुझं सोयाबीन माझ्या बांधापाशी लई झकास उगवलंय रं! खुरपायला तू येतो का मीच बाया लावू?"

आत माहेराहून आलेली वहिनी होती. ते ऐकून ती तशीच रानात गेली, मागोमाग मी. घोडीच्या अंगावर शर्ट बघून आधी थबकली, मग हसायला लागली. पदर तोंडाला लावून खालीच बसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली आणि हसता हसता रडली.

"भाऊजी, ते बुजगावणं न्हाई हो! दगडाची दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं खूण करायची, घोडी फिरवून पुढचं पाऊल टाकायचं. त्या खुणांवरून उताराला आडवा तास. मग पाणी तासातासाला अडतंय, माती जाग्यावर राहती."

"मग मला का न्हाई सांगितलं त्यानं?"

वहिनी डोळे पुसत बी वाहून नांग्या पडलेल्या, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागा मोजायला निघून गेली.

घरात होतं तेवढं बियाणं काढलं. वहिनी शर्ट उतरवायला लागली, मी म्हटलं, राहू द्या. मग मी घोडी पावलापावलानं चालवायला लागलो. दर पावलाला दादाच्या शर्टाखाली डोकं घालून दगड बघायचा. मागून वहिनी राखेची खूण करायची. रस्त्यावरून काका ओरडला, "आरं, बैल आता शुद्धीवर हायत, मालकच पिऊन चाललाय!"

"पाणी येऊ द्या काका, मग बघा!"

पेरताना बैलांना कासरा लागलाच नाही. मी मागं निस्ता पाहुणा.

शेवटचा तास झाला. घोडी बांधावर आणली, मडकं उतरवलं, शर्टाचा चिखल झटकला आणि वरचं बटण काढलं. दादा जन्मात कधी गळ्यापर्यंत बटण लावत नव्हता. बैलांना बघा, तेही ठाऊक असणार.