भुऱ्याची झडप

हिराबाई बोलल्या म्हणजे जव्हारच्या त्या आळीत विषय संपला. सारी नोकरी शाळेत पोरांच्या थापा पकडण्यात गेलेली बाई! निवृत्त झाल्या तरी आळीतली भांडणं त्यांच्याच ओट्यावर यायची. त्यांनाही ते आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणा?

मागल्या दिवाळीत त्यांच्या मुलानं, रोहिदासनं, ठाण्याहून येऊन मागच्या दाराला खाली चौकोन कापला आणि भुऱ्या बोक्यासाठी झडप बसवली. डोक्यानं ढकललं की आत, ढकललं की बाहेर. "अरे मेल्या, धडधाकट दाराला भोक पाडलंस!" म्हणून बाईंनी घर डोक्यावर घेतलं. पण चार दिवसांत त्याच झडपेचं कौतुक सुरू झालं. "आमचा भुऱ्या साहेबासारखा ये-जा करतो. दुसऱ्याच्या वस्तूला तोंड लावेल तर शपथ!" आपला तो बाब्या, दुसरं काय!

शेजारच्या कमूनं मुलाचं ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून देवाला कोंबड्याचा नवस बोलला होता. खुराड्यातल्या एका पिल्लाच्या पायात लाल दोरा बांधून ते राखून ठेवलं होतं. असा जीव विकायचा नाही, खायचा नाही, कुणी मागितला तरी द्यायचा नाही. आणि एका संध्याकाळी नेमकं तेच पिल्लू नाहीसं झालं.

कमूनं ऊर बडवून घेतला. आळी जमली. तेव्हा हिराबाई भर अंगणात म्हणाल्या, "मी तिन्हीसांजेला तुझ्या राहीला खुराड्यापाशी पाहिलं. पदराखाली काहीतरी लपवून जात होती."

झालं! राही कमूची नवी सून, मुळातच अबोल. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि गप्प बसली म्हणजे चोरच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं तिला जीपमधून दाभोशाला, माहेरी नेऊन सोडलं. देवाचं चोरणारी बाई घरात नको म्हणे. हिराबाईंना वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

पुढे हिराबाईंच्या घरात तांदळाच्या पिंपामागून वास येऊ लागला. उंदीर मेला असेल म्हणून बाईंनी पिंप सरकवलं आणि खाली बसून पाहिलं. पिसं होती. वाळका पाय होता. पायात लाल दोरा होता. अगं आई गं! तेवढ्यात झडप खटकन वाजली, भुऱ्या आत आला आणि लाडानं त्यांच्या मांडीला अंग घासू लागला.

दोरा रुमालात बांधून बाईंनी दाभोशाची जीप धरली. राही ओट्यावर नाचणी पाखडत होती. बाईंनी दोरा पुढे केला, तो कुठे सापडला ते सांगितलं.

"मग पोरी, तुझ्या पदराखाली काय होतं गं?"

"बोंबलाची डोकी. तुमच्या भुऱ्याला," राही म्हणाली. "सासू वरडायची, दुसऱ्याच्या मांजराला कशाला घालतेस. म्हणून मी लपवून आणायची नि झडपेतून आत सारायची."

बाईंना एकदम आठवलं. झडपेपाशी रोज काटे सापडत. भुऱ्या कुठून तरी आणतो म्हणत त्या ते झाडून टाकत होत्या.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुमी पाहिलं म्हणालात, बाई. मंग माझं कोण ऐकणार?"

बाईंनी हात जोडले. राहीनं परत सूप उचललं. "माझ्यापाशी नको. जिथं बोललात, तिथं बोला."

त्याच संध्याकाळी बाईंनी कमूच्या अंगणात आळी गोळा केली. आता कुणाचा निकाल लागतो म्हणून बायका सरसावून बसल्या. बाईंनी रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. कमूनं दोरा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. ती म्हणाली, "पण बाई, तुमी डोळ्यांनी पाहिलं होतं ना?"

"पदर पाहिला होता, कमू. त्यात कोंबडा मीच घातला."

राहीचा नवरा उठला आणि दाभोशाची जीप बघायला गेला.