कासवबुढ्याचं सुतक

धुरपताबाईचा आवाज आधी येतो आणि धुरपताबाई मागून, असं बेलगुड्यात म्हणतात. तिच्या तोंडावर म्हणायची मात्र कोणाची छाती नाही. जिवतीच्या डोंगरावर, खडकाळ शेतांच्या मधोमध हे एवढंसं गाव, आणि बाईचा राग साऱ्या गावाला पुरून उरेल एवढा. तिला राग यायला फार काही लागत नाही, हे कबूल. पण तो उगाच असतो असं कोणी म्हणून दाखवावं. मागे एकदा तिनं वेचलेल्या मोहाची टोपली एका फॉरेस्ट गार्डानं ठेवून घेतली, तर ही बया त्याच्या क्वार्टरच्या दारात जाऊन बसली. भांडली नाही, शिवी दिली नाही, नुसती उंबऱ्यावर बसली. घरातल्या माणसांना आत-बाहेर करायचं तर हिला ओलांडून. दिवस मावळायच्या आत टोपली परत आली, आणि गार्डाच्या बायकोनं वर चहा पाजला.

तिचा नवरा मुखरू अगदी उलट. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते बैलांशी. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो बाजाराला निघाला आणि डोंगराखालच्या सडकेवर चुनखडीच्या एका ट्रकनं त्याला उडवलं. ट्रक थांबला नाही. मागचा थांबला नाही, त्याच्या मागचाही नाही. गावची माणसं धावत खाली पोचली तोवर मुखरूवर धूळ बसली होती. माणसं सडकेवर जमली तेव्हा ट्रकांची रांग लागली आणि रांगेनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाला उचलायलासुद्धा घाई! कोणी एक साहेब आला आणि सडक मोकळी करा म्हणाला, आणि गावानं ती केली, कारण अशा वेळी कोणाला भांडण सुचतं? गार्डाला दिवसभर ओलीस धरणारी बाई त्या दिवशी मुकी झाली. त्यानंतर ती बाजाराला जाते ते जंगलातल्या पायवाटेनं, लांबचा वळसा घेऊन. त्या सडकेवर तिनं पाय ठेवला नाही.

घरात आता ती आणि नात स्वाती. स्वातीचा बाप दिनेश घुग्घुसला कोळशाच्या खाणीत पाळीवर जातो आणि सणावाराला येतो. पोर गावच्या शाळेत आहे, आणि शाळेत आहेत रश्मी म्याडम.

रश्मी म्याडमही घुग्घुसच्याच. वडील खाणीत होते, आई विहाराच्या ओट्यावर वस्तीतल्या पोरांना जमवून शिकवायची. आईच्या तोंडून गोष्टी ऐकत वाढलेली ही पोरगी मास्तरीण झाली आणि स्वतःच एक मोठी गोष्ट लिहायला बसली. पोरांसाठीची कादंबरी, सगळी जनावरांची. धुळासूर नावाचा राक्षस डोंगरातला झरा गिळतो, आणि झरा परत आणायला चौघं निघतात: मोहोबाई अस्वलीण, काटेराव साळिंदर, चुणचुण्या नावाचं रानकुत्र्याचं पिल्लू आणि सगळ्यांत म्हातारा कासवबुढा. वाघ नाही, सिंह नाही. वाघाला पाहायला तिकडे मोहर्लीला सफारीच्या जिप्स्यांची रांग लागते, त्याला आणखी कशाला मोठा करायचा, असं म्याडमचं म्हणणं. दर शनिवारी शेवटच्या तासाला त्या पोरांना एक प्रकरण वाचून दाखवायच्या. शाळेला दांडी मारणारी पोरं शनिवारी मात्र सगळ्यांच्या आधी हजर असायची.

स्वाती घरी येऊन आजीला सगळी गोष्ट सांगायची. धुरपता मोह निवडता निवडता ऐकायची, आणि मध्येच भांडायची. अस्वलीण असं कशाला करील, तिला काय अक्कल नाही का, असं. पण कासवबुढा आला की ती गप्प. कारण कासव मुखरूच्या कुळाचं. त्या घरात कासवाला मारत नाहीत, खात नाहीत, वाटेत दिसलं तर हात जोडून पाण्याशी नेऊन सोडतात. आणि कासव मेल्याचं कानावर आलं, तर घरचं माणूस गेल्यासारखं सगळं करायचं: आंघोळ करायची, जुनं मडकं बाहेर नेऊन फोडायचं, त्या सांजेला चूल पेटवायची नाही.

त्या शनिवारी स्वाती रडत रडत दारात आली. कासवबुढा मेला, म्हणाली. नाल्याला पूर होता, त्याच्या पाठीवर पाय देऊन सगळे पार झाले आणि तो बुडून मेला. हुंदक्यांत तिचं एवढंच कळलं. धुरपतानं पुढचं ऐकलंच नाही. मडकं उचललं, गावाबाहेर नेऊन आपटलं, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यानं अंगणात बसली. तिचं पाहून शेजारच्या जंगूच्या बायकोनंही चूल विझवली, कारण तेही त्याच कुळाचे भाऊबंद. मग जंगू शेतातून आला आणि कोणत्या नाल्यात, कोणी पाहिलं, असं विचारू लागला. स्वातीनं सांगितलं, म्याडमच्या गोष्टीतल्या नाल्यात.

जंगू इतका हसला की त्याला ठसका लागला. कागदावरच्या कासवासाठी उपाशी निजायची पाळी आली म्हणून त्यानं बायकोकडून चूल पेटवून घेतली, आणि रात्रीपर्यंत ही बातमी गावभर झाली. दुसरी कोणी असती तर लाजेनं घरात शिरली असती. धुरपता नाही शिरली.

"मडकं तर खरंच फुटलं ना?" ती जंगूला म्हणाली. "मंग मरनं बी खरंच झालं."

चूल तिनं पेटवली नाहीच. तिनं स्वातीला जवळ घेतलं आणि पुढं काय झालं ते विचारलं. कोण रडलं? कोणी त्याला पाण्यातून काढलं? स्वाती आठवू लागली. मोहोबाई म्हणाली, कासवबुढ्याचं बलिदान वाया जाऊ द्यायचं नाही. काटेराव म्हणाला, तो फार थोर होता. मग सगळे पुढच्या डोंगराकडे पळत सुटले, कारण धुळासूर मागे लागला होता. एवढंच होतं. धुरपताला आधी जे दुःख झालं होतं त्याचा त्या क्षणी राग झाला.

सोमवारी ती शाळेत गेली. पोरं परवचा म्हणत होती, ती थांबली. म्याडमनी खुर्ची दिली, ती बसली नाही. कासवबुढ्याला असं सोडून ते सगळे गेले कसे, हा तिचा एकच प्रश्न. गरज सरो अन् वैद्य मरो! ज्याच्या पाठीवर पाय दिला त्याला पाण्यातून काढायलाही कोणाला सवड नाही? आणि वर थोर म्हणायचं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

म्याडमनाही वाईट वाटलं, आणि रागही आला. वाटणारच. वर्षानुवर्षं रात्रंदिवस डोक्यात घोळवलेली गोष्ट, आणि जिनं ती वाचलीही नाही अशी बाई येऊन पोरांदेखत झाडते. त्यांनी समजावून सांगितलं की गोष्टीत सगळ्यांत मोठं काम त्यांनी कासवालाच दिलंय. गोष्ट पुढं जावी लागते, थांबली की पोरं कंटाळतात, आणि नागपूरच्या प्रकाशकांनीही हेच सांगितलंय की वेग कमी होऊ देऊ नका.

"वेग," धुरपता म्हणाली. तो शब्द तिनं असा उच्चारला की पुढच्या बाकावरची पोरं मागे सरकली. "आमच्या सडकेवर लय वेग हाये, म्याडम. तुमी कायले आनखी आनून राह्यल्या?"

आणि ती निघून गेली. जाताना सांगून गेली की कासवबुढ्याचं नीट होत नाही तोवर तिची नात ही गोष्ट ऐकणार नाही.

बिचारी स्वाती. पुढच्या शनिवारी ती अंगणात बसून शाळेकडे कान लावत होती, आणि तिचे डोळे पाहून धुरपतालाही तिला पाठवावंसं वाटत होतं. पण शब्द एकदा तोंडातून गेला की मागे घेणं तिला ठाऊक नाही. मात्र शाळेकडून आवाज काही येईना. कारण जंगूचा पोरगा गेला नव्हता. भाऊबंदांची पोरं अडून बसली होती. सोयऱ्यांचीही गेली नव्हती, कारण भाऊबंदांकडे सुतक आणि आपण मजा करायची हे बरं दिसत नाही. हसणाऱ्या जंगूचं तोंड त्या दिवशी पाहण्यासारखं होतं. गावातली बहुतेक पोरं कोणाची तरी सोयरी निघाली, आणि रश्मी म्याडम रिकाम्या वर्गात वही उघडून एकट्या बसल्या.

त्या संध्याकाळी म्याडम धुरपताच्या अंगणात आल्या. भांडायला आल्यात असं वाटून धुरपता पदर खोचून उभी राहिली. पण म्याडम जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, त्याच्यासाठी काय करायला पायजे होतं, ते मले सांगा."

हे बाईला अपेक्षित नव्हतं. भांडणाची तयारी केलेल्या माणसाला असं विचारलं की त्याचे हातच मोडतात. ती बसली. आधी म्हणाली, परत फिरायचं. मग म्हणाली, त्याला पाण्यातून काढायचं, अंगावरचा चिखल धुवायचा. धुळासूर मागं आहे तर असू दे. आणि मग ती कासवाबद्दल बोलायची थांबली आणि मुखरूबद्दल बोलू लागली. बोलणं कधी वळलं तेही तिच्या ध्यानात आलं नाही. धूळ कशी बसली होती, हॉर्न कसे वाजत होते, आपल्या तोंडून शब्द कसा फुटला नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी सगळी पोरं वर्गात होती आणि धुरपता दारात, उंबऱ्यावर, गार्डाच्या दारात बसली होती तशीच. काही चुकलं तर तिथल्या तिथे धरायचं, असा तिचा बेत होता. म्याडमनी वाचायला सुरुवात केली.

पुढच्या डोंगरावर पोचलेली मोहोबाई अचानक थांबली. आपण कोणाला तरी मागं सोडलं, म्हणाली. काटेराव म्हणाला, धुळासूर येईल. येऊ दे, म्हणाली. तिघं परत फिरली. त्यांनी कासवबुढ्याला पाण्यातून ओढून काढलं, त्याची पाठ धुतली, आणि त्याला मधोमध ठेवून वाटेवरच बसली. तेवढ्यात धुळासुराची फौज आली, धुरळा उडवत, भोंगे वाजवत. बाजूला व्हा, म्हणाली. अस्वलीण उठली नाही. साळिंदर उठलं नाही. एवढंसं पिल्लू, तेही उठलं नाही. आमचं माणूस गेलंय, मोहोबाई म्हणाली, आमचं रडणं होईस्तोवर तुम्हाला थांबावं लागेल. आणि इतका मोठा धुळासूर, झरे गिळणारा, तो थांबला, कारण त्याच्यापुढं असं कोणी कधी बसलंच नव्हतं.

म्याडम वाचायच्या थांबल्या आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. पोरांनीही पाहिलं. धुरपतानं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. खोट काढायला आलेल्या बाईला एकही खोट सापडली नव्हती.

"वाच पोरी," ती म्हणाली. "आता पुढं गेलं तरी चालते."

बाजाराच्या दिवशी तिला नवं मडकं आणायचं होतं. इतके दिवस ती प्लास्टिकच्या डब्यातलं कोमट पाणी पीत होती आणि त्याच्या नावानंही बोटं मोडत होती. स्वातीला घेऊन ती निघाली. मडकं घेतलं, वाजवून घेतलं. परत येताना स्वाती सवयीनं पायवाटेकडे वळली, पण आजी वळली नाही. ती सडकेनं चालू लागली.

मुखरू पडला होता त्या वळणावरच्या पळसाजवळ ती थांबली. मग मडकं खाली ठेवलं आणि सडकेच्या मधोमध बसली. स्वाती क्षणभर घाबरली, मग तिच्याशेजारी बसली, अस्वलिणीशेजारी पिल्लू बसलं होतं तशी. ट्रक लांबूनच हॉर्न देत आला आणि ब्रेक लावून उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि ओरडू लागला. मरायचंय काय, म्हणाला.

"माणूस मेलं हाये इथी," धुरपता म्हणाली.

तो दचकला. त्यानं इकडे पाहिलं, चाकाखाली पाहिलं, सडकेच्या कडेला पाहिलं. "कुठी? कवा?"

"दोन वर्सं झाली."

"मंग आज काऊन रस्ता अडवून राह्यली, बाई?"

"तवा कोनी थांबलं नाई म्हनून."

ड्रायव्हर तिच्याकडे पाहत राहिला, मग पोरीकडे, मग नव्या मडक्याकडे. मागच्या ट्रकांनी हॉर्नचा धडाका लावला होता. तो वर चढला आणि त्यानं इंजिन बंद केलं. मग धुरपताबाईनं तोंडावर पदर घेतला आणि भर सडकेवर, सगळ्या हॉर्नांच्या वर जाईल अशा आवाजात, मुखरूच्या नावानं ती रडू लागली.